चिकाची बाटली

काजळी पहाटे व्याली आणि सकाळी तारामतीच्या दारात भांडण सुरू झालं. भांडण म्हशीवरून नव्हतं, चिकावरून होतं. माझं पेंड-कडब्याचं दुकान त्यांच्या गोठ्याला लागूनच आहे, त्यामुळं त्या घरातलं भांडण ऐकायला मला कधी वेगळं जावं लागत नाही. त्या दिवशी तरीही गेले. म्हैस व्यालेल्या घरी बाईमाणसानं डोकावायचं नाही तर काय करायचं.

परतीचा पाऊस रात्रभर पडून गेला होता. गोठ्यापुढं काळा चिखल घोट्यापर्यंत झाला होता आणि मुसी नदीचा वास वाऱ्यावर चढून आला होता. तारामती उंबऱ्यावर बसून पिवळाधमक चीक फडक्यातून गाळत होती. तिचा नवरा अंबाजी पारडीला पोत्यानं पुसत होता. आणि पोरगा प्रशांत, गळ्यात कंपनीचा पट्टा अडकवून, ड्यूटीवर निघता निघता आईला समजावत होता.

"माय, तुला कितीदा सांगू. ते कस्टमर हायेत. पावने न्हाईत."

"मंग? कस्टमरला तोंड नसतंय का?"

"ॲपमधी फ्री काही पाठवायचं ऑप्शनच न्हाई. बिगर स्टिकरची बाटली गेली तर सिस्टमला कळंना हुतंय."

"सिस्टमला कुठं द्यायलाव मी? घरोघरच्या लेकराबाळाला द्यायलाव."

अंबाजी खाली मानेनंच बोलला, "चीक इकायचा नसतोय आन घरात कोंडून बी ठिवायचा नसतोय. म्हशीला दिष्ट लागती."

"बघा कुसुमआक्का," प्रशांत माझ्याकडं वळला, "तुमी तरी सांगा."

मी काय सांगणार? आमच्यात म्हैस व्याली की पहिला चीक वाटतातच. शेजारी देतात, रतिबाच्या घरी देतात. घेणारीण गूळ-वेलदोडा घालून त्याचा खरवस करते आणि भांडं परत करताना ते रिकामं करत नाही, चिमूटभर साखर तरी आत ठेवते. हे मी त्याला सांगितलं. त्यानं हात जोडले आणि बस गाठायला निघून गेला.

आमची वस्ती मलकपेठच्या मागं, नदीच्या अंगाला. आमचे आजे निजामाच्या वक्ताला भालकी-उदगीरकडून म्हशी हाकत आले आणि नदीकाठचं गवत बघून इथंच थांबले. गवत अजून उगवतं. त्याला पाणी कसलं मिळतं ते विचारू नका. चारी बाजूंनी इमारती आल्या, मधे आम्ही दहा-पाच घरं, आमच्या म्हशी आणि आमचं शेण राहिलं. बोलतो आम्ही मराठी, पण शिव्या दखनीत देतो आणि भाव तेलुगूत करतो.

तारामतीनं उभा जन्म नारायणगुड्यात आणि हिमायतनगरात दूध घातलं. अंबाजी स्कूटर चालवायचा, ही मागं दोन्ही बाजूंना कॅन लटकवून बसायची. घरोघर उभं राहून मापानं दूध घालायची आणि माप झालं की वरून एक धार जास्तीची सोडायची. तक्रारी तेव्हाही होत्याच. नारायणगुड्याच्या भाग्यलक्ष्मी अम्मा तर तक्रार केल्याशिवाय भांडंच पुढं करायच्या नाहीत. दूध पातळ, साय कमी, काल उशीर केलास, परवा काय पाणी पाजलंस का म्हशीला की दुधाला. ही दारात उभी राहून सगळं ऐकून घ्यायची, दुसऱ्या दिवशी धार थोडी मोठी सोडायची, आणि अम्मा आतून कॉफीचा पेला आणून द्यायच्या. असं ते चालायचं. तक्रार करणारी आणि ऐकणारी दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघत असायच्या.

मग फोन आले. एकेका घरानं सांगितलं, उद्यापासून नको, आता फोनवरनं मागवतो, थैली दाराला येते. रतीब अर्धा झाला. प्रशांत म्हणाला, माय, आपण बी त्याच ॲपला लागू. त्यानंच फोटो काढून घातले, त्यानंच कागद भरले. पहाटे टेम्पो यायचा, रिकाम्या बाटल्या आणि स्टिकर देऊन भरलेल्या बाटल्या घेऊन जायचा. उरलेला रतीब तारामतीनं आपणहून सोडला, कारण दोन दगडांवर पाय ठेवायला तेवढ्या म्हशी नव्हत्या. कुणाच्या घरी आपलं दूध जातं ते तिला कळेनासं झालं, पण फोनात तिच्या नावापुढं तारे दिसायचे. चार आणि वर थोडा. तो फोन ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. मला तर इतक्यांदा दाखवला की शेवटी मी म्हटलं, बाई, आता त्याची दृष्ट काढ.

तर त्या सकाळी तिनं रोजच्या बाटल्या दुसऱ्या म्हशींच्या दुधानं भरल्या, आणि प्रत्येक बाटलीला रबर लावून एकेक लहान बाटली चिकाची बांधली. टेम्पोवाला बबलू आला. चांगला बाप्या माणूस, मलकपेठचाच.

"बबलू, हे बारक्या बाटलीत चीक हाय. जुन्नु, जुन्नु. गुड डालके पकाव बोलना. दूध में नक्को मिलाव बोलना. हर घरकू बोलना हां."

बबलूनं तिच्याकडं बघितलं. "अम्मा, किसकू बोलूं? दरवाजे बंद रैते. थैली टांगना, फोटू निकालना, आगे जाना. मैं बी दो साल से किसी की शकल नै देखा."

"तरी बी बोल. कुनी उघडलं तर बोल."

"हौ," बबलू म्हणाला, आणि गेला.

दुपारी मी दुकानात डुलकी काढत होते तेव्हा तारामती फोन घेऊन आली. फोन सारखा वाजत होता आणि तिला वाटत होतं, लोक चीक मिळाल्याचं कळवतायत. तिला वाचता येत नाही, मला मराठी आणि थोडं हिंदी येतं, पण पडद्यावर सगळं इंग्रजीत होतं. फोटो मात्र दोघींना दिसले. एका पातेल्यात फाटलेलं पिवळं पाणी. दुसऱ्या पातेल्यात तसंच. तिसऱ्यात गोळे धरलेले. लोकांनी दोन्ही बाटल्या एकत्र ओतून उकळायला ठेवल्या होत्या. चीक तापला की घट्ट होतो, त्यानं चांगलं दूधही नासवलं.

"आता गं बाई," तारामती म्हणाली आणि पोत्यावर बसली.

संध्याकाळी प्रशांतनं वाचून दाखवलं. भेसळ आहे. रंग घातलाय. लहान मुलाला पाजणार होतो. पोलिसात द्या. एकेक तारा. चार आणि वर थोडा होते ते दिवसात दोनाच्या खाली आले.

"एक मराठीत लिवलंय," तो म्हणाला आणि अडखळत अक्षरं लावायला लागला. आमच्या पोरांना मराठी बोलता येतं, वाचताना जीव जातो. मी फोन ओढून घेतला. कुणी मानसी नावाची बाई होती. तिनं लिहिलं होतं, 'काकू, तुम्ही कोण ते मला माहीत नाही. पुणं सोडल्यापासून चीक बघितला नव्हता. खरवस केला आणि खाताना रडू आलं.' पुढं पाच तारे.

तारामतीचा चेहरा उजळला. "हिला गाठू. ही सांगंल त्यास्नी. कुठं राहती?"

"ते दाखवत न्हाई माय. आपल्याला गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता देत न्हाईत."

"माझंच दूध पिती आन मला तिचा पत्ता न्हाई?"

प्रशांतनं फोन चार्जिंगला लावला.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला नाही. धार काढून झाली होती, बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या, आणि अंबाजी रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभा होता. संध्याकाळी प्रशांत ड्यूटीवरनं आला आणि फोनात आलेला निरोप त्यानं वाचला, तुमचं खातं तपासणीसाठी थांबवलं आहे, मदत हवी असेल तर खाली दाबा. तारामतीनं दाबलं. फोनातून बाईचा आवाज आला, गोड, शिकलेला, हिंदीत. मैं आपकी क्या सहायता कर सकती हूँ.

तारामतीनं पदर सावरला. खरंच सावरला, मी बघितलं. "बाई, मी तारामती बोलतेय, मलकपेठहून. माझी म्हैस व्यालीय. काजळी. तिचा चीक होता तो. दूध खराब न्हवतं, बाई."

"क्षमा कीजिए, मैं समझ नहीं पाई."

मग तारामती दखनीत बोलली. मग तेलुगूत. बाई प्रत्येक वेळी क्षमा मागत होती आणि पुन्हा तेच विचारत होती. शेवटी पडद्यावर चौकटी आल्या. प्रशांतनं वाचल्या: बाटली गळली, टेम्पो उशिरा आला, स्टिकर कमी पडले, पत्ता बदलायचा आहे.

"म्हैस व्याली, असं हाय का त्यात?"

"न्हाई माय."

"मंग तिलाच इचार की, काय दाबू म्हनून."

"माय, तिकडं कुनी न्हाई."

"आवाज येतोय की बाईचा."

"ती बाई न्हाई. मशीन हाय." प्रशांतनं गळ्यातला पट्टा काढून खुंटीला लावला. "मी जितं बसतो तितं बी असंच हाय. आदी आमी हॉलभर बसत हुतो, लोकांच्या कम्प्लेंट घेत. आता एका कोपऱ्यात बसतो. मशीनला जे जमंना ते आमच्याकडं येतंय. आन मशीनला वाटतंय तिला समदं जमतंय."

 आई गोठ्यात अडकली होती आणि पोरगा कोपऱ्यात, दोघांना अडकवणारी बाई एकच होती आणि ती बाईही नव्हती.

तारामती हार मानणारी नव्हे. तिनं चिकातला ठेवलेला थोडा काढून खरवस केला, वड्या पाडून डब्यात भरल्या, आणि मला म्हणाली, चल आक्का, हापिसात जाऊन तोंडानं सांगू. ॲपच्या कागदावर हिमायतनगरचा पत्ता होता. रिक्षा करून गेलो. काचेचं दार, आत सोफा, सोफ्यावर कुणी नाही. दारात खुर्चीवर एक म्हातारा वॉचमन बसला होता. छातीवर केशवराव लिहिलेलं बघून मी मराठीत बोलले, तर तो उठूनच उभा राहिला. मूळचा देगलूरचा निघाला.

"सायेब कुठं बसतेत?" तारामतीनं विचारलं.

"सायेब इथं न्हाईत बाई. नाव हाय नुस्तं इथं. तुमी कम्प्लेंटवाल्या का? तो भिंतीवरचा चौकोन हाय, तेच्यावर फोन धरा."

प्रशांतनं शिकवलं होतं तसा मी फोन धरला. पडदा उजळला आणि आतून तीच बाई बोलली, मैं आपकी क्या सहायता कर सकती हूँ. तारामती माझ्या हातातल्या फोनाकडं नुसती बघत राहिली.

"दुसरं कुनीच न्हाई का, दादा? झाडूवाला, पाणीवाला, कुनी बी?"

"मीच हाय," केशवराव म्हणाला. "लई येतेत बाई. भाजीवाले येतेत, टेम्पोवाले येतेत. एकजन तर रडला इथं. मला काय करता येतंय? मी पानी देतो."

त्यानं पाणी दिलं. तारामतीनं डबा त्याच्यापुढं धरला. खरवस बघून त्यानं आधी हात धुतले. एक वडी खाल्ली, दुसरी कागदात बांधून खिशात ठेवली. "गोड झालाय. म्हैस चांगली हाय तुमची." मग डबा घेऊन आत गेला आणि घेऊन आला. वाटेत रिक्षात तारामतीनं झाकण उघडलं. उरलेल्या वड्यांवर साखरेच्या दोन कागदी पुड्या ठेवल्या होत्या, हापिसातल्या चहाच्या मशीनजवळच्या. तेव्हा तिला रडू फुटलं. दुकानापर्यंत ती रडतच होती आणि रिक्षावाला आरशातून बघत होता.

मग एकच वाट उरली, जुना रतीब. दुसऱ्या दिवशी अंबाजीनं स्कूटर पुसली, कॅन लटकवले आणि दोघं नारायणगुड्याला गेली. बाकीच्या इमारतींत फाटकावरच अडवलं. आतल्या माणसानं फोनवरून हो म्हटल्याशिवाय सोडत नाहीत, आणि आतल्या माणसांकडं हिचा नंबर कुठला. भाग्यलक्ष्मी अम्मांचं घर अजून जुनंच आहे, तेवढं दार वाजवता आलं. अम्मांनी तारामतीला बघितलं आणि दोन्ही हात धरून आत ओढलं. कॉफी केली. हे सगळं तारामतीनंच मला सांगितलं.

"अम्मा, फिर से दूध चालू करूं?" हिनं विचारलं.

अम्मा उठल्या. मग त्यांनी फ्रीज उघडून दाखवला. आत प्लास्टिकच्या पिशव्या ओळीनं लावलेल्या. "बेटा बेंगलोर से भेजता. उधर से उने फोन में दबाता, इधर दूध आता. मैं बोली, नक्को रे, अकेली कित्ता पिऊं. उने बोला ऑफर है. बंद कैसा करना मेरेकू नै मालूम, तारा. रोज आता. मैं रोज मोरी में डालती." मग हसल्या. "पतला है. किसकू बोलूं बोल?"

निघताना अम्मांनी एक पेलाभर दूध घेतलं, हिच्या समाधानासाठी. तारामतीनं माप भरलं आणि सवयीनं वरून धार सोडली.

त्यानंतर धार काढायची आणि दुधाचं करायचं काय, एवढाच रोजचा प्रश्न होता. मिठाईवाला मनाला येईल तेव्हा घ्यायचा. आम्ही शेजाऱ्यांनी दही लावलं, तूप कढवलं, पोराबाळांना पाजलं. एके दिवशी अंबाजीनं अर्धा कॅन नदीकाठच्या गवतात ओतला आणि कुणाशी न बोलता बाजेवर जाऊन पडला. पेंड कमी झाली, मग वैरण कमी झाली. ताजी व्यालेली म्हैसच गिऱ्हाईक ओढते, म्हणून सगळ्यांत आधी काजळीचाच नंबर लागला. शंकरपल्लीकडचा व्यापारी आला, तिच्या कासेला हात लावून बघितला, आणि गाडी मागं घेतली. पारडीला आधी चढवलं, मग काजळी आपसूक चढली. तारामती पाणी पाजायला घागर घेऊन आली होती. ती घागर तशीच घेऊन उभी राहिली.

"चीक वाटला म्हनून दिष्ट लागायची न्हवती," अंबाजी म्हणाला, "आन वाटला म्हनूनच लागली." 

गाडी वळणावर गेली आणि फोन वाजला. प्रशांत त्या दिवशी घरीच होता. त्याच्या कंपनीनं कोपराही मोकळा करायला सांगितला होता, पण ते आईला अजून त्यानं सांगितलं नव्हतं, मलाच सांगितलं होतं. त्यानं वाचलं.

"तुमची तक्रार सोडवून बंद केली हाय. खातं आता उघडनार न्हाई." त्यानं बोटानं पडदा वर सरकवला. "खाली इचारलंय, आमच्या सेवेला किती तारे देताव."

"कुनाला?"

"त्या मदत करनाऱ्या बाईला. मशीनला. एक देऊन टाक माय. तेवढं तरी हातात हाय."

तारामतीनं फोन घेतला. तिच्या बोटाला शेण लागलेलं होतं. ती पडद्यावरच्या रिकाम्या ताऱ्यांकडं बघत बसली.

"एक दिल्यावर तिचं काय हुतंय?"

"काय हुनार, माय. ती माणूस न्हाई."

"तू म्हनतूस." तिनं बोट पदराला पुसलं. "एका ताऱ्यानं काय हुतंय ते मला कळलंय आता. कुनी का असंना. रोज क्षमा मागत हुती बिचारी."

आणि तिनं शेवटचा तारा दाबला. पाचही पिवळे झाले, पडद्यावर फुलं पडली आणि तोच गोड आवाज धन्यवाद म्हणाला. प्रशांत तोंड फिरवून गोठ्यामागं निघून गेला. मला राग आला होता, कुणावर ते मात्र ठरवता येत नव्हतं. तारामतीनं फोन बाजेवर ठेवला. धारेची वेळ झाली होती. तिनं चरवी उचलली, सवयीनं काजळीच्या दाव्यापाशी जाऊन उकिडवी बसली, मग उठली आणि पुढच्या म्हशीकडं गेली. चरवीत धार वाजायला लागली. ते दूध कुठं घालायचं ते त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.